निशाणी डावा अंगठा

माय, तुझा अंगठा सापडला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, मंगळवार होता, आणि ऑफिसातली मुलगी एका मोठ्या फाईलची कागदपत्रं क्रमानं लावून माझ्यासमोर ठेवत होती. खरेदीखत, त्याच्या आधीचं खरेदीखत, फेरफार, वारसनोंद, आणि मग हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून दिल्याचं पत्र. असली पत्रं माझ्या टेबलावरून रोज जातात. हात आपोआप शेवटच्या पानाकडं वळतो, कारण सही तिथं असते. सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा होता. बाजूला कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, निशाणी डावा अंगठा, आणि त्याखाली तुझं नाव. वर मजकुरात बाबांचं नाव, आज्याचं नाव, गाव, सगळं बरोबर. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मुलीनं विचारलं, मॅडम, काही चुकलंय का. मी म्हणाले, नाही, कागद बरोबर आहे. तेव्हापासून हे बोलणं डोक्यात चाललंय. आता ऊन तापायला लागलं तरी थांबत नाही, म्हणून आज कोर्टाला सुट्टी आहे तर लिहायला बसले. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. आठवण आली म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. मला तुझा राग आलाय.

तू गेलीस तेव्हा माझं ऑफिस म्हणजे पुंडलिकनगरातल्या आपल्या घराची पुढची खोली होती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि तू आणलेलं लोखंडी कपाट. तू ज्या मेसमध्ये पोळ्या लाटायचीस तिथला मालक ते मोडीत काढणार होता, तू मागून घेतलंस आणि हातगाडीवर घालून घरी आणलंस. किती पुसलं तरी त्याचा मसाल्याचा वास गेला नाही, बँकेचे साहेब फाईल हातात घेऊन हुंगायचे. तू मला विचारायचीस, वकील झालीस तर कोर्टात उभी का राहत नाहीस, नुसती कागदं काय वाचतीस. मी सांगायचे की घर किंवा प्लॉट घेणाऱ्या माणसाला ती जागा खरंच विकणाऱ्याची आहे का हे कळत नाही, मागची तीस वर्षं कुणीतरी उलगडून बघावी लागतात, त्याचा रिपोर्ट असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि ते काम माझं. तुला पटायचं नाही. "ज्याची हाय त्याला ठावकी असती की," असं म्हणून तू आत निघून जायचीस. तेव्हा तुझा चेहरा कसा होता हे मी कधी बघितलं नाही. मला वाटायचं, हिला काय कळतंय.

औरंगपुऱ्यात ज्या वकिलांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली, त्यांच्याकडं रिपोर्ट कसे निघायचे हेही मी तुला सांगितलं नव्हतं. बिल्डरचा माणूस सकाळी यायचा आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन जायचा. मधल्या वेळात मी जुना रिपोर्ट काढून त्यातला गट नंबर बदलायचे. रजिस्ट्री ऑफिसात कुणी पाऊल ठेवायचं नाही. एकदा मी हट्टानं जाऊन तिथली जुन्या व्यवहारांची सूची चाळली आणि येऊन सांगितलं की या जमिनीवर जुना दावा आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्याला बघायला सांगितलंय, शोधायला नाही." त्या आठवड्यात मी तिथून निघाले. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस. तू एवढंच म्हणालीस, बरं केलंस, खोटं काम अंगाला चिकटतं. मला ते ऐकून केवढा धीर आला होता. आज तेच आठवलं की संताप येतो. तुझ्या अंगाला काय चिकटलंय हे तुला माहीत होतं की.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. ते ज्या कंपनीत वॉचमन होते तिथं कागदांवर तुझ्या सह्या लागणार होत्या, आणि तिथल्या क्लार्कनं सगळ्यांसमोर शाईचं पॅड तुझ्यापुढं सरकवलं. घरी येऊन तू मला म्हणालीस, मला माझं नाव काढायला शिकव. पाटी नव्हती. तू पोळपाटावर पीठ पसरलंस आणि मी बोटानं तुझं नाव लिहिलं. तू त्याच्यावरून बोट फिरवलंस, पुसलंस, परत पीठ पसरलंस. शेवटच्या अक्षराची वेलांटी तू कायम उलटी काढायचीस, मी कितीदा सांगितलं तरी. आठ दिवसांत तुला सही यायला लागली. पुढच्या वेळी तू कंपनीत पेन मागून घेतलास. मग माझ्या प्रगतीपुस्तकावर दर परीक्षेला तुझी सही, उलट्या वेलांटीची, रेघ सोडून वर गेलेली. बाकीच्या पोरींच्या आयांचे अंगठे असायचे. मी मुद्दाम माझं प्रगतीपुस्तक बाकावर उघडं ठेवायचे.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी तो दिवस. तुझा भाऊ, माझा मामा, सकाळी भाड्याची जीप घेऊन दारात आलाय. आज्याला, तुझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालंय. तू मेसला खाडा केलाय, मला ते नवल वाटतं, कारण ताप असला तरी तू कामावर जातेस. मामा म्हणतो, आक्का, दुपारपर्यंत आणून सोडतो. मी शाळेतून येते तेव्हा तू चुलीसमोर बसलीस, अंगावर कोरी हिरवी साडी, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. पुरण शिजतंय. सण नाही, वार नाही, आणि आपल्या घरात पुरण. तुझ्या डाव्या अंगठ्याला काहीतरी जांभळं लागलंय आणि तू ते राखेनं घासतेस. मी विचारते, काय लागलं गं. तू म्हणतेस, जांभूळ. ते जांभळांचे दिवस नव्हते, माय. मी तेरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. पण पुरणपोळी समोर आल्यावर मी गप्प बसले.

शहराच्या पूर्वेला, आज जिथं टॉवर उभे राहतायत, तिथं आज्याची जमीन होती. तू लहानपणी तिथं मेंढरं राखलीस. सगळा खडक, वर थोडी कुसळं, कडेला एक विहीर. तू सांगायचीस की रात्री भोवती वाघराची जाळी लावून मेंढरं बसवली की आज्या तुला मधोमध झोपवायचा, थंडी लागू नये म्हणून. तूच मला हे सांगायचीस आणि तूच ती जमीन सोडलीस. बारावी झाल्यावर मला वकिलीला जायचं होतं. तेव्हा मामानं ती जमीन एका व्यापाऱ्याला विकली आणि शहरात दोन मजली घर बांधलं. मी तुला म्हणाले की त्यात तुझाही वाटा असेल, मामाला विचार. तू लाटणं खाली ठेवलंस आणि माझ्या तोंडात मारलीस. गालावर पीठ. "माझ्या माहेराचं नाव घ्यायचं नाय," असं म्हणून परत लाटायला लागलीस. माझं शिक्षण तू दोन मेसमध्ये पोळ्या लाटून केलंस हे मी विसरलेले नाही. पण ते तसं करायची गरज नव्हती, हेही मी विसरू शकत नाही. तुझे खांदे गेले. शेवटी शेवटी तुला केस विंचरायला हात वर नेता येत नव्हता. लोक मला म्हणतात, किती कष्ट केले तुमच्या आईनं. मी मान हलवते. मनात म्हणते, तिनं ते एका दुपारी स्वतःच्या हातानं ओढवून घेतले.

आणि मामानं काय केलं? माझ्या लग्नात तू मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायचीस, परत आत यायचीस, परत जायचीस. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. गुरुजी घाई करायला लागले. शेवटी तू शेजारच्या काकांना टोपी घालून माझ्यामागं उभं केलंस. मामा आला नाही. त्याच दिवशी त्याच्या व्याह्यांच्या घरी काहीतरी होतं म्हणे. तू चार दिवसांनी त्याच्याकडं लाडू घेऊन गेलीस. लाडू घेऊन, माय.

आता मी कुठपर्यंत आले ते ऐक. तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी एक बाई ऑफिसात आली. तिचा नवरा शाळेत शिक्षक. माझ्या रिपोर्टवर त्यांनी रो-हाऊस घेतलं होतं. राहायला गेल्यावर सहा महिन्यांत मूळ मालकाच्या बहिणीनं दावा लावला, कोर्टानं मनाई हुकूम दिला, आणि यांचं घर अडकलं. विकता येईना, वर खोली चढवता येईना. मी भराभरा फाईल काढून दाखवली की बहिणीचं हक्कसोडपत्र आहे, रजिस्टर आहे, साक्षीदार आहेत, माझा रिपोर्ट बरोबर आहे. बाई ओरडली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या बहिणीला भेटला होता का?" मी फाईल मिटली. दुसऱ्या दिवशी मी गेले त्या बहिणीकडं, फुलंब्रीच्या बाजूला एका गावात. ती शेळ्यांना पाला टाकत होती. म्हणाली, बाप मेल्याची नोंद करायची म्हणून भावांनी नेलं होतं, अंगठा कशावर घेतला मला काय ठाऊक. वाचून दाखवलं का विचारलं, तर हसली.

त्या दिवसापासून माझ्या ऑफिसचा नियम झाला. मागच्या कागदांत कुठंही बहिणीचं हक्कसोडपत्र असलं तर ती बाई जिवंत आहे तोवर मी तिला भेटणार, तिच्या घरी, भाऊ समोर नसताना. वारली असेल तर तिच्या मुलांना भेटणार. त्याशिवाय सही नाही. बिल्डर हसले. बँकेच्या एका मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून समजावलं, "मॅडम, तुमचं काम टायटल बघायचं आहे, बायकांची सुखदुःखं नाहीत. एवढा वेळ आमच्याकडं नाही." त्यांनी बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवरून माझं नाव काढलं. वर्षभर काम इतकं कमी झालं की मी आणि चाचा समोरासमोर बसून पेपर वाचायचो. चाचा तुला माहीत नाहीत. रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले, निजामाच्या वेळचे उर्दूतले जुने कागद वाचणारे माझ्या ओळखीत तेवढेच होते, मी त्यांना घरी जाऊन आणलं. इकडच्या जमिनींचं मूळ त्या कागदांत असतं आणि बाकीची ऑफिसं ते पान वाचता येत नाही म्हणून सोडून देतात. चाचांना मी पगार देऊ शकत नव्हते तेव्हाही ते येत राहिले. म्हणायचे, घरात बसून तरी काय करू.

त्या रिकाम्या वर्षात आम्ही दोघांनी शहराभोवतालच्या गावांच्या सूच्या उतरवून काढल्या. गाव, गट, कुणाकडून कुणाकडं, कुठं बहीण आहे, कुठं ती अचानक गायब झाली. पुढं ते सगळं कॉम्प्युटरवर घातलं. आणखी दोन गोष्टी ठरवल्या. विकणाऱ्याकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि रिपोर्ट मराठीत लिहून घेणाऱ्याला समोर बसवून वाचून दाखवायचा. माणसं रडायची गं ऐकताना. कुणी त्यांना आधी कधी वाचून दाखवलंच नव्हतं. मग हळूहळू लोक स्वतःहून यायला लागले. बँकेचा रिपोर्ट असू द्या, आम्हाला तुमचाही पाहिजे, म्हणायचे. बिल्डरांच्या ऑफिसात लोक विचारायला लागले की त्या बाईनं बघितलंय का. दुसरी बँक आली, मग तिसरी. पॅनेलवरून काढणाऱ्या बँकेचंही पत्र आलं. आज क्रांती चौकात ऑफिस आहे, जिना चढून वर, सात माणसं, त्यातल्या पाच मुली. दोघी स्कूटीवरून खेड्यापाड्यात जाऊन बायकांशी बोलून येतात. कुणाच्या सावलीत नाही, कुणाच्या मेहरबानीवर नाही. हे मी केलं, आणि यातलं प्रत्येक पाऊल कुठंतरी तुझ्या त्या जांभळ्या अंगठ्याच्या रागातून टाकलं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मागच्या वर्षी पुण्याहून एक अधिकारी आला. त्याची कंपनी टायटलचा विमा उतरवते. म्हणजे घेतलेल्या जागेचा मालक उद्या भलताच निघाला तर घेणाऱ्याची भरपाई कंपनी करते. आपल्याकडं हे नवीन आहे. त्याला इकडच्या जमिनी तपासायला ऑफिस हवं होतं. मी विचारलं, मोठमोठी ऑफिसं सोडून माझ्याकडं का आलात. तो म्हणाला, "हो म्हणणारी खूप आहेत. आम्हाला नाही म्हणू शकणारं ऑफिस पाहिजे." आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी खालच्या गाड्यावरून भजी आणून खाल्ली. त्यांची पहिली फाईल म्हणजे पूर्वेकडचे टॉवर. त्यांना तीस वर्षं पुरत नव्हती, मूळ मालकापर्यंत जायचं होतं. म्हणून तू वर आलीस. नाहीतर तू तीस वर्षांच्या पलीकडं सुखात पडून होतीस.

ते पान बघितल्यावर पहिले तीन दिवस मी आनंदात होते, हे तुला खोटं वाटेल. तुला सही येत होती. कंपनीच्या कागदांवर तू सही केलीस, माझ्या प्रगतीपुस्तकावर केलीस, मग इथं अंगठा कसा? माझ्या कामात ही पहिली खूण असते. सही येणाऱ्या माणसाच्या नावापुढं अंगठा दिसला की समजायचं, दुसरीच बाई उभी केली असेल. म्हणजे तू दिलं नव्हतंस. तुला फसवलं होतं. मी मामावर काय काय लावता येईल याचे मुद्दे काढले. चाचांना पान दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, कागद त्या जमान्याचा आहे, लिखावट भी, शक घ्यावा असं काही दिसत नाही. मग भिंग बाजूला ठेवून मला म्हणाले, "बेटी, नकली निकला तो खुश होना है तुमको. असली निकला तो क्या करोगी?"

चौथ्या दिवशी मी पुण्याला फोन करून खरं सांगितलं. या फाईलीत माझी आई आहे, नियमाप्रमाणं तिच्या वारसाला भेटायचं आहे आणि ती वारस मीच आहे, म्हणून हा रिपोर्ट मी देऊ शकत नाही. तो अधिकारी बघतो म्हणाला. त्यानं बिल्डरला विचारलं असेल, बिल्डरनं मामाला गाठलं. पुढच्या शुक्रवारी दुपारी मामा माझ्या ऑफिसात हजर. ऐंशीच्या घरात आलाय, गुडघे गेलेत, जिना चढून दम लागलेला. माझ्या लग्नानंतर मी त्याला एकदाच बघितलं होतं, तुझ्या अंत्यविधीला, तोंडाला उपरणं लावून लांब उभा. मुलींनी पाणी दिलं. त्यानं ऑफिस सगळं फिरून बघितलं, किती मोठं केलंस म्हणाला. मग आल्या कामाचं बोलला, की आक्कानं राजीखुशीनं सोडलंय, तू आता काही अडवू नको, बिल्डर माझ्या मागं लागलाय.

मी म्हणाले, "मामा, माझ्या आईला सही येत होती. हा अंगठा कुणाचा आहे?"

मला वाटलं होतं तो चपापेल. तो हसला. दात नाहीत, पण छान हसला. "तिचाच. मी म्हणलं की तिला, आक्का, सही येती ना तुला, कर की. तर म्हणली, ती सही माझ्या लेकीनं शिकिवलीया, पिठात गिरवून. ती तिच्या शाळंच्या पुस्तकावर करायची हाय. हितं अंगठा बास." मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "शाईचं पॅड तिनंच म्होरं वढून घेतलं. लई मानी बाई."

पिठाचं त्याला कोण सांगणार? तूच सांगितलं असशील, त्या जीपमध्ये, नाहीतर रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर. मी त्याला विचारलं की तिनं बदल्यात काय मागितलं. काही नाही, म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "व्हय, येक मागितलं व्हतं. पोरीच्या लग्नात मामा म्हणून हुबा ऱ्हा, म्हणली." ते तो विसरून गेला होता. सांगताना त्याला आठवलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि तो जमिनीकडं बघत बसला.

लोकांना ही गोष्ट सांगितली तर म्हणतील, बघा किती प्रेम, लेकीनं शिकवलेली सही तिनं मळू दिली नाही. मला तसं म्हणायचं नाही. तुला कळत होतं, माय. मी ज्या बायकांना भेटते त्यांना कळलेलं नसतं, त्यांच्यासाठी मला रागावता येतं. तुला ते काम खोटं आहे हे इतकं स्पष्ट कळत होतं की तू त्याच्यापासून आपली सही लांब ठेवलीस. आणि वाटा मात्र दिलास. सही जपलीस आणि जमीन दिलीस. हा कुठला मान? सही शिकवली ती अशाच दिवसासाठी होती. तू पेन मागून घ्यायचास आणि म्हणायचंस, मी आधी वाचून घेते, नाहीतर लेकीला बोलावते. तेरा वर्षांची होते, तरी मी वाचून दाखवलं असतं. एका साडीवर, एका न पाळलेल्या शब्दावर तू तुझे खांदे घातलेस, आणि वर मलाच मारलंस.

फाईल मी परत केली, सोबत दोन ओळींचं पत्र दिलं. हक्क सांगायला आता मुदत उरलेली नाही हे मला माहीत आहे, पण एक नोटीस पाठवून मी त्यांचं काम वर्षभर लोंबकळत ठेवू शकले असते. नोटीस लिहून तयार होती. ती मी पाठवली नाही, कारण कागद खरा आहे आणि खऱ्या कागदाला खोटं म्हणायला मी हे ऑफिस काढलेलं नाही. दुसऱ्या ऑफिसानं आठवड्यात रिपोर्ट दिला. पुण्याहून दोन महिने काही आलं नाही. एक मुलगी दुसरीकडं नोकरी बघते म्हणून सोडून गेली. आम्हाला वाटलं, संपलं. मग संक्रांतीनंतर तीन फाईली आल्या, लहान लहान, खेड्यातल्या. त्यातली एक कालच झाली. पंचावन्न वर्षांची बाई होती, तिला मी विचारलं, ताई, तुम्ही हे राजीखुशीनं केलं का. ती चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिली आणि मी थांबून राहिले. मला थांबता येतं. परक्या बायकांच्या चुलीपुढं बसून मला वाटेल तेवढं थांबता येतं.

तुला मी कधी विचारलं नाही. वकील झाल्यावर आठ वर्षं तू माझ्या घरात होतीस, मी रोज रजिस्ट्री ऑफिसात जात होते, तुझ्या गावाची सूची हाताच्या अंतरावर होती. मी ती उघडली नाही आणि तुलाही विचारलं नाही. पुन्हा मार खायची भीती नव्हती. तू काय सांगशील ते मला ऐकायचं नव्हतं.

हे पत्र कुठंच जायचं नाही, तेव्हा राहिलेलं एक लिहून टाकते. त्या शुक्रवारी मामा निघाला तेव्हा जिना उतरताना त्याला धरावं लागलं. मी त्याला हाताला धरून खाली आणलं, रिक्षा थांबवली. आत बसल्यावर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येत जा गं घरी. तुझंच घर हाय." त्याच्यावर मी इतकी वर्षं रागावलेली, तरी मला बरं वाटलं. सिग्नल सुटून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत मी तिथं उभी राहिले. वैशाखात त्याच्या नातीचं लग्न आहे. त्यानं बोलावलंय, आणि मी येते म्हणाले, माय.